दुसऱ्यांच्या मुलांचे ऋण

सोलापूर-पुणे लोहमार्गावरील केम हे गाव कुंकवासाठी दूरवर ओळखले जाते. करमाळा तालुक्यातील या गावात, किंवा आसपासच्या कोणत्याही वाडी-वस्तीवर, आज मूल जन्मले की तिसऱ्या दिवशी आशाताई दारात उभी राहते. ती तान्ह्याला कापडी झोळीत ठेवून वजन करते, बगलेत तापमापी धरते, घड्याळाकडे पाहत त्याचे श्वास मोजते. ते मिनिटाला साठ किंवा अधिक भरले, तर तिच्या कपाळावर आठी पडते. मग ती बाळंतिणीजवळ बसते आणि अंगावर पाजण्याविषयी, बाळाला उबेत ठेवण्याविषयी चार गोष्टी सांगते. सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ती पुन्हा येते. ही भेट आता इतकी अंगवळणी पडली आहे की, ती कोठून आली हा प्रश्नच कोणाच्या मनात येत नाही.

प्रिय वाचकहो, हाच प्रश्न आज आपल्यापुढे ठेवावयाचा आहे. औषधे आकाशातून पडत नाहीत. कोणत्या वयाच्या बाळाला किती मात्रा द्यावी, कोणते लक्षण धोक्याचे, कोणती लस कितव्या महिन्यात द्यावी, हे सारे ज्ञान कधीतरी कोणा मुलांच्या अंगावर तपासून पाहिलेले असते. मोठ्या माणसांवर तपासलेले औषध निम्मे करून मुलांना दिले, म्हणजे भागले असे होत नाही. मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे. त्याचे यकृत, त्याचे मूत्रपिंड, त्याचा श्वास यांची रीतच वेगळी. म्हणून मुलांच्या आरोग्यासाठी मुलांमध्येच संशोधन करावे लागते. पण मुलाला तर ‘तुझी तयारी आहे का?’ असे विचारता येत नाही. मग जे स्वतः ‘हो’ म्हणू शकत नाही, त्याच्याकडून इतरांच्या भल्यासाठी काही घेण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

गडचिरोलीची गावे

आशाताईच्या भेटीमागची कथा गडचिरोली जिल्ह्यात सुरू होते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तेथे ‘सर्च’ ही संस्था उभी केली. जन्मानंतरच्या पहिल्या अठ्ठावीस दिवसांत दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण तेथे भयावह होते आणि इस्पितळ बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेर होते. पहिल्या सव्वा महिन्यात बाळाला उंबऱ्याबाहेर नेऊ नये, हा संकेतही सर्वत्र होताच. तेव्हा बाळ दवाखान्यात येत नसेल, तर दवाखानाच बाळाच्या घरी का जाऊ नये, असा विचार त्यांनी केला. थोडेफार शिकलेल्या गावच्याच स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार करण्यात आले. बाळ रडले नाही तर काय करावे, ते गार पडले तर काय करावे, जंतुसंसर्गाची लक्षणे कशी ओळखावीत हे त्यांना शिकवले. आणि पुष्कळांच्या भुवया उंचावल्या ती गोष्ट म्हणजे, अशा आजारी बाळाला जंतुनाशक इंजेक्शन देण्यासही त्यांना शिकवण्यात आले.

हा उपक्रम ३९ गावांत राबवण्यात आला. तुलनेसाठी शेजारची ४७ गावे घेण्यात आली. या गावांत नेहमीच्या सरकारी सेवा चालू होत्या, परंतु आरोग्यदूतांची ही नवी सेवा नव्हती. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आरोग्यदूत जात होते त्या गावांत नवजात बालकांचा मृत्युदर हजारी ६२ वरून २५.५ पर्यंत उतरला. तुलनेच्या गावांत मात्र तो हजारी ५९.६ इतकाच राहिला. दोहोंचा मेळ घातला तर मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. पुढे २०११ साली याच धर्तीवर देशभर आशाताईंच्या गृहभेटींचा कार्यक्रम सुरू झाला. केमच्या तान्ह्याचा श्वास आज मोजला जातो, तो अशा रीतीने गडचिरोलीच्या तान्ह्यांमुळे.

पण हे आकडे आणखी एकदा वाचा. तुलनेच्या ४७ गावांतील हजारी ५९.६ या आकड्यामागे पाळणे आहेत, माता आहेत, आणि अंगणाच्या कोपऱ्यात पुरलेली छोटी शरीरे आहेत. ती बाळे कोणी मारली नाहीत. संशोधन झाले नसते तरी ती गेलीच असती, आणि त्यांच्याबरोबर शेजारच्या गावांतली आणखी कितीतरी. तरीही त्यांच्या मृत्यूची नोंद झाल्यानेच आपल्याला काहीतरी ठामपणे कळले. हे ऋण कसे मोजावे?

नीतिशास्त्रातील जुना वाद

आम्ही गुरुविद्यालयात नीतिशास्त्र शिकत होतो तेव्हा या प्रश्नावरील एका प्रसिद्ध वादाची ओळख करून दिली जाई. १९७० साली पॉल रॅम्से या प्रॉटेस्टंट विचारवंताने अशी भूमिका घेतली की, ज्या प्रयोगाचा त्या मुलाला स्वतःला काहीच लाभ नाही, त्यात मुलाला गोवणे सर्वथा अयोग्य होय. धोका अगदी नगण्य असला तरीही. जो संमती देऊ शकत नाही त्याला दुसऱ्याच्या हेतूसाठी वापरणे म्हणजे त्याला वस्तू समजणे, आणि तो अधिकार आईबापांनाही नाही. चार वर्षांनी येशूसंघीय धर्मगुरू रिचर्ड मॅकॉर्मिक यांनी त्यांना उत्तर दिले. त्यांचे म्हणणे असे की, आरोग्य आणि जीवन ही सर्वांनी मिळून जपावयाची मूल्ये आहेत. धोका नगण्य असेल आणि इतर मुलांचे मोठे हित होणार असेल, तर थोडा भार उचलणे हे प्रत्येक माणसाचे कर्तव्य ठरते. मुलाला समजत असते तर त्यानेही हे कर्तव्य मानलेच असते. म्हणून आईवडील त्याच्या वतीने संमती देऊ शकतात.

दोघांच्याही म्हणण्यात वजन आहे. पण मला वाटते, दोघेही बाळाला एकटे कल्पितात. रॅम्से त्याला एकट्याने उभे करून इतरांपासून राखतात. मॅकॉर्मिक त्याला एकट्याने उभे करून कर्तव्य विचारतात. तीन दिवसांच्या बाळाला कसले आले कर्तव्य? वास्तवात बाळ एकटे कधीच नसते. ते जन्मते तेव्हाच दुसऱ्यांच्या दानावर जन्मते. त्याच्या आईला गरोदरपणी दिलेली धनुर्वाताची लस, त्याच्या दंडावर टोचलेली क्षयाची लस, जुलाब झाल्यावर पाजले जाणारे मीठ-साखरेचे पाणी, हे सारे त्याच्या आधीच्या मुलांनी त्याच्यासाठी मागे ठेवलेले असते. जेनर यांनी १७९६ साली देवीच्या लशीचा पहिला प्रयोग केला, तो आठ वर्षांच्या एका मुलावर. मीठ-साखरेच्या पाण्याचे सामर्थ्य डॉ. दिलीप महालनबिस यांनी १९७१ साली बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत, पटकीने पटापट माणसे मरत असताना सिद्ध केले. आपल्या मुलांपैकी एकही मूल असे नाही, जे या परंपरेचे लाभार्थी नाही.

यावरून बाळावर काही फेडण्याची सक्ती येते काय? मुळीच नाही. दान हे कर्ज होऊन वसूल केले जाऊ लागले की ते दान उरत नाही. परंतु आईवडिलांना मात्र एक प्रश्न विचारता येतो: इतक्या घरांनी तुमच्या बाळासाठी दार उघडले, तर त्याला इजा होणार नाही अशा बेताने, दुसऱ्या कोणाच्या बाळासाठी तुम्ही आपले दार उघडाल का?

‘इजा होणार नाही अशा बेताने’ या शब्दांवर सारी मदार आहे. आईवडील मुलाचे मालक नव्हेत, विश्वस्त आहेत. देवाने ठेवावयास दिलेली ठेव त्यांनी जपावयाची असते. स्नानसंस्काराच्या वेळी आपण बाळाला न विचारता त्याच्या वतीने वचन देतो, म्हणून त्याच्या वतीने सर्वच काही देता येईल असे कोणी म्हणू लागला, तर ती चूक होईल. तेथे लाभ बाळाचाच असतो. येथे लाभ दुसऱ्याचा आहे, म्हणून मर्यादा अधिक कडक हव्यात. पोप पायस बारावे यांनी १९५२ साली वैद्यकीय संशोधनाच्या नैतिक मर्यादांविषयी भाषण केले होते. विज्ञानाचे हित असो वा समाजाचे, ते व्यक्तीच्या प्रतिष्ठेवर मात करू शकत नाही, ही त्यातील मुख्य शिकवण. शरीरासाठी बोट कापून टाकता येते, तसे समाजासाठी माणसाला कापून टाकता येत नाही. शलमोन राजाच्या दरबारातील दोन स्त्रियांची कथा आपल्याला ठाऊक आहे. बाळाचे दोन भाग करून वाटून घ्यावेत हे जिला न्याय्य वाटले, ती आई नव्हती.

एक नकार आणि एक दीर्घ सोबत

इजा न होऊ देता दार उघडणे म्हणजे काय, याची दोन उदाहरणे पुणे जिल्ह्यातील आहेत. केमच्या स्थानकावर गाडीत बसून पुण्याला उतरणारा माणूस ज्या के.ई.एम. रुग्णालयाचे नाव ऐकून आपल्या गावाच्या नावावरून गमतीने हसतो, त्याच रुग्णालयाच्या संशोधन केंद्राची ही कामे.

पहिले उदाहरण गोवराच्या लशीचे. सुई न टोचता ही लस तुषाररूपाने हुंगवता आली, तर किती सोय होईल! सुया नकोत, टोचणारा प्रशिक्षित माणूस नको, मुलाचे रडणे नको. नऊ महिने पूर्ण केलेल्या, पण अद्याप वर्षाच्या न झालेल्या २००४ बालकांना या अभ्यासात घेण्यात आले. काहींना लस टोचली, काहींना हुंगवली. तीन महिन्यांनी रक्त तपासले. टोचलेल्यांपैकी ९४.६ टक्के बालकांच्या रक्तात गोवराविरुद्धची शक्ती दिसली, हुंगवलेल्यांपैकी ८५.४ टक्के. २०१५ साली हे निष्कर्ष जगापुढे आले. सुई जिंकली.

मग ही दोन हजार मुले फुकट गेली काय? माझ्या मते, संशोधनाचा नैतिक कस येथेच लागतो. ती मुले नसती, तर केवळ सोयीच्या मोहाने लाखो मुलांना अपुरी लस दिली गेली असती आणि गोवराने त्यांतल्या काहींना गाठले असते. ‘हे नको’ असे खात्रीने सांगता येणे हेही मोठे दान आहे, मात्र त्याचे पोवाडे कोणी गात नाही. यशस्वी औषधाच्या खोक्यावर कंपनीचे नाव छापलेले असते. निकामी ठरलेल्या मार्गावर फक्त काही गावांतील मातांचा विश्वास सांडलेला असतो.

दुसरे उदाहरण डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या अभ्यासाचे. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रिया आणि त्यांची मुले यांची सोबत केली. बाळे जन्मतः पावणेतीन किलोच्या आसपास भरत, इंग्लंडमधील बाळे साडेतीन किलोच्या आसपास. पण आश्चर्य असे की, आपली ही हडकुळी बाळे स्नायूंनी कृश असली तरी त्यांच्या अंगावर चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. पुढील आयुष्यातील मधुमेहाचे बीज गर्भातच कसे पेरले जाते, याचा माग येथून लागला. पुष्कळ मातांच्या रक्तात ‘ब-१२’ हे जीवनसत्त्व कमी होते. ज्यांच्यात ते कमी आणि फॉलेट अधिक होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक आढळली. ती मुले दर काही वर्षांनी तपासणीसाठी येत राहिली. २०१२ साली, ती तारुण्याच्या उंबरठ्यावर असताना, पुढच्या पिढीचे आरोग्य सुधारावे म्हणून ‘ब-१२’ देऊन पाहण्याचा नवा अभ्यास सुरू झाला, त्यात त्यांच्यातीलच अनेकजण सामील झाले. ज्यांच्या वतीने एकदा आईने मान डोलावली होती, तीच आता आपल्या न जन्मलेल्या बाळांसाठी पुढे आली. रॅम्से यांच्या आक्षेपाला याहून चांगले उत्तर पुस्तकात सापडणार नाही. हे शक्य झाले, कारण त्या गावांकडे कोणी एकदा सुई घेऊन आले आणि निघून गेले, असे घडले नाही.

जेथे विश्वास तुटतो

उलट उदाहरणही सांगितले पाहिजे, नाहीतर हा लेख स्तुतिपाठ ठरेल. २००९ साली आंध्र प्रदेशातील तत्कालीन खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातमधील वडोदऱ्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला प्रतिबंध करणारी लस हजारो शाळकरी मुलींना देऊन पाहण्याचा प्रकल्प सुरू झाला. खम्मममधील अनेक मुली आदिवासी होत्या, वसतिगृहात राहत होत्या. त्यांच्या संमतिपत्रांवर कित्येक ठिकाणी आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनने किंवा मुख्याध्यापकांनी सह्या केल्या. काही मुलींच्या मृत्यूंच्या बातम्या आल्या, गदारोळ झाला आणि २०१० साली प्रकल्प थांबवण्यात आला. चौकशीत ते मृत्यू लशीमुळे झाल्याचे दिसून आले नाही. परंतु २०१३ साली संसदीय समितीने संमती घेण्याच्या पद्धतीवर कठोर ताशेरे ओढले.

लस चांगली होती. आज जगभर ती कर्करोगापासून स्त्रियांना वाचवीत आहे. मग बिघडले कोठे? गरिबाच्या मुलीची सही दुसऱ्याने केली, तेथे. परिणाम असा की, चांगल्या लशीविषयीही वर्षानुवर्षे संशय पसरला आणि त्याची किंमत पुन्हा गरिबांच्याच मुलींना मोजावी लागली. आईला विचारण्यास लागणारा अर्धा तास वाचवला जातो, तेव्हा शेवटी हेच हाती येते.

म्हणून कोणी संशोधनासाठी आपल्या दारात आले, तर त्याला हाकलू नका आणि डोळे झाकून अंगठाही उठवू नका. त्याला आत बसवा, पाणी द्या आणि विचारा. हे माझ्या मुलाच्या उपचारासाठी आहे की ज्ञानासाठी? त्याला काय त्रास होऊ शकेल? काही झालेच तर त्याची जबाबदारी कोणाची? मी नाही म्हटले, तर दवाखान्यातील माझे उपचार बंद होतील का? शेवटी काय आढळले, ते आम्हाला सांगायला कोणी परत येईल का? नियमही हेच सांगतात. सात वर्षांवरील मुलालाही त्याला कळेल अशा भाषेत समजावून त्याची अनुमती घ्यावी, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे मार्गदर्शन आहे. संशोधनास परवानगी देणाऱ्या नीतिसमितीवर डॉक्टरांबरोबर एक सर्वसामान्य नागरिकही असावा लागतो. आपल्या धर्मग्रामांतील सुशिक्षित शिक्षिका, परिचारिका, निवृत्त कर्मचारी यांनी अशा जागी बसण्यास पुढे का येऊ नये? तीही सेवाच होय.

ज्ञान मिळाल्यानंतरचे पाप

गडचिरोलीच्या त्या ४७ गावांकडे पुन्हा वळले पाहिजे, कारण त्यांचा प्रश्न आपण अर्ध्यावर सोडला आहे. त्यांना ती सेवा न देणे अन्याय होता काय? अभ्यासाला आरंभ झाला, तेव्हा बेताच्या शिक्षणाच्या स्त्रीच्या हाती इंजेक्शन दिल्याने बाळे वाचतील की दगावतील, हे कोणालाच ठामपणे ठाऊक नव्हते. जे ठाऊकच नाही, ते रोखून धरल्याचा दोष लागत नाही. प्रामाणिक अज्ञान हीच अशा तुलनेची नैतिक अट आहे. पण ज्या दिवशी उत्तर हाती आले, त्या दिवशी हे अज्ञान संपले. आणि माझ्या मते खरा जाब तेथून पुढे द्यावयाचा आहे. निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले, देशव्यापी कार्यक्रम २०११ साली सुरू झाला. मधल्या काळात इतरत्र पडताळणी झाली, काही भागांत कामही झाले, आणि पडताळणी आवश्यकही होती. तरीही बारा वर्षे म्हणजे बाळांच्या हिशेबात फार मोठा काळ.

आपण पापाची कबुली देताना विचाराने, शब्दाने आणि कृतीने झालेल्या पापांबरोबर कर्तव्य टाळल्याचाही उच्चार करतो. संशोधनाच्या बाबतीत आपला सगळा रोख प्रयोगशाळेवर असतो. कर्तव्य टाळण्याचे पाप मात्र कचेरीतल्या धूळ खाणाऱ्या कागदात, रिकाम्या राहिलेल्या परिचारिकेच्या पदात आणि वेळेवर न मिळालेल्या आशाताईच्या मानधनात लपलेले असते. दुसऱ्यांच्या मुलांनी मिळवून दिलेले ज्ञान वापरायचेच नसेल, तर ते त्यांच्याकडून घेतले कशाला? करमाळ्याहून फार दूर नसलेल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले. अक्षरओळख नसलेल्या खेडुत स्त्रियाही आरोग्याचे काम उत्तम रीतीने करू शकतात, हे त्यांनी दाखवून दिले. त्या कामाला पाच दशके उलटून गेली आहेत. ज्ञानाची उणीव हे कारण आता पुढे करता येणार नाही.

या ज्ञानाने घराचे काय होते, हे तुम्हाला मी सांगावयास नको. मूल आजारी पडले की कुंकवाच्या कारखान्यातली किंवा उसाच्या फडातली रोजंदारी बुडते. कुर्डुवाडी नाहीतर बार्शी गाठण्यासाठी उसने पैसे काढावे लागतात. मोठी बहीण शाळा सोडून धाकट्याला सांभाळते. आणि मूल गेले, तर आईच्या मागे ‘तुझ्याच पायगुणाने’ असे म्हणणारी जीभही घरात असते. श्वास मोजण्याचे साधे ज्ञान मुलाला वाचवते, त्याबरोबर कर्ज, शाळा, सासू-सुनेचे नाते, नवरा-बायकोमधील अबोला अशा कितीतरी गोष्टी वाचवते. मुले जगतील असा भरवसा आल्यावर आईबापांना थोड्याच मुलांवर समाधान मानता येते आणि त्या प्रत्येकाकडे निवांतपणे पाहता येते. ज्या घरात मरणाची भीती कमी, तेथे प्रेमाला जागा अधिक.

तेव्हा आशाताई पुढच्या वेळी दारात येईल, तेव्हा तिला केवळ चहा देऊन थांबू नका. तिचे मानधन थकले असेल, तर ग्रामसभेत तिच्या बाजूने बोला. तिने सांगितलेले ऐका, बाळाला ठरल्या दिवशी लस टोचून घ्या. रविवारच्या पवित्र मिस्सेत श्रद्धावंतांच्या प्रार्थनांमध्ये आपण आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतोच. त्यात गडचिरोलीच्या, पुण्याजवळच्या खेड्यांतील आणि खम्ममच्या मुलांसाठी एक वाक्य जोडावे, अशी माझी विनंती आहे. त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत, आणि ती ठाऊक असण्याची गरजही नाही. आपल्या अंगणात जी मुले आज धावत आहेत, त्यांच्या धावण्यात त्यांचा वाटा आहे, एवढे ध्यानात राहिले तरी पुरे.